बेचाळीस मिलिमीटरचा कीस

माणसाने आधी अग्नी शोधला, मग चाक शोधलं आणि त्यानंतर पुष्कळ काळ दुसरं काही न सुचल्यामुळे तो मोजायला लागला. जे मोजता येत नाही ते जगात असू शकतं, पण ते नीटनेटकं असू शकत नाही, हा सुधारलेल्या समाजाचा पाया आहे. या पायावर आजवर समुद्राची खोली, तापाचा पारा आणि झोपेचे तास व्यवस्थित बसवण्यात आले. गाजर मात्र कित्येक शतकं मागे राहिलं. ते किलोवर विकलं जाई हे खरं, पण एकदा किसलं की त्याच्यावर कोणाचंही नियंत्रण उरत नसे. किसाचा प्रत्येक धागा आपल्या मर्जीने लांब किंवा आखूड होई आणि लोक तो तसाच खात. ही अंदाधुंदी जिथे संपली त्या कार्यालयाची, आणि ती संपवताना ज्यांचा हात वापरला गेला त्या काकूंची ही हकिकत आहे.

कार्यालय वजनमापांच्या पडताळणीचं होतं. चार मजले, दोनशे बारा कर्मचारी आणि एक लिफ्ट (बंद). दुकानांचे तराजू, कापडवाल्यांच्या पट्ट्या, तेलाची मापं, औषधवाल्यांची इवलीशी वजनं, सगळं इथे येई, तपासलं जाई आणि शिक्का घेऊन परत जाई. मोजणं या लोकांच्या अंगात इतकं मुरलं होतं की चहाला उठताना कोणी "आलोच" म्हणत नसे. "सात मिनिटांत येतो" म्हणत आणि चाळीस मिनिटांनी येत. पण आकडा दिलेला असे, त्यामुळे कोणाला काही बोलता येत नसे.

कँटीन तळमजल्यावर मागच्या बाजूला होतं. तिथे नळाशेजारच्या दगडी ओट्यापाशी उभ्या राहून काकू एकोणीस वर्षं गाजर किसत होत्या. रोज चौदा किलो, अर्धं सॅलडसाठी आणि अर्धं सूपसाठी. कागदोपत्री त्यांचं पद 'हंगामी सहायक (कंदमुळे)' असं होतं. हंगाम एकोणीस वर्षं चालला होता, याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

काकूंची पद्धत कुठे लिहिलेली नव्हती, आणि म्हणूनच ती शास्त्रीय मानली जात नव्हती. त्या गाजर सोलत नसत. सुरीच्या पाठीने हलकेच खरवडून धूत. चार बाजूंच्या किसणीच्या मोठ्या भोकांच्या बाजूवर सॅलडचं गाजर आडवं तिरकं धरत, म्हणजे लांब, ओलसर धागे पडत आणि दाताखाली कुरकुरत. सूपचं गाजर उभं धरून आखूड किसत, म्हणजे ते शिजताना एकमेकांत गुंतत नसे. शेवटचा अंगठ्याएवढा तुकडा त्या किसत नसत. तिथे गाजर संपतं आणि बोट सुरू होतं, हे त्यांना नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. असे तुकडे त्या सूपच्या पातेल्यात अख्खे टाकत आणि गोडवा उतरला की झाऱ्याने काढून घेत. कीस परातीत पसरून त्यावर ओलं फडकं घालत, लिंबू आणि मीठ अगदी वाढायच्या वेळी लावत.

मग काउंटरच्या कोपऱ्यात उभ्या राहून लोकांच्या ताटांकडे बघत. एवढीच त्यांची चैन होती. एकोणीस वर्षांत त्या गाजराबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. बरं म्हटलं नव्हतं आणि वाईटही म्हटलं नव्हतं. आज ना उद्या कोणीतरी मान वर करून म्हणेल, "काकू, आज गाजर काय झालंय हो!" असं त्यांना उगीच वाटत राही. मग त्या स्वतःवरच हसत आणि परात घासायला घेत.

या सुरळीत कारभारात पहिला प्रश्न उपनियंत्रक साहेबांनी उपस्थित केला. यांना सगळे मिलिमीटर साहेब म्हणत. इतरांच्या शर्टाच्या खिशात जिथे पेन असतं, तिथे यांच्या खिशात पोलादी पट्टी असे. एका दुपारी मोठ्या साहेबांबरोबर ते तेलाच्या मापांवर गंभीर चर्चा करत असताना त्यांच्या खालच्या ओठावरून गाजराचा एक धागा हनुवटीपर्यंत लोंबत होता. चर्चा बावीस मिनिटं चालली. मोठे साहेब सभ्य असल्यामुळे काही बोलले नाहीत. शेवटी मिलिमीटर साहेबांना तो स्वतःच दिसला (चमच्यातल्या प्रतिबिंबात), आणि त्यांनी तो ताटाच्या कडेला सरळ करून त्याला पट्टी लावली. एकाहत्तर मिलिमीटर. मग त्याच्या शेजारचा मोजला. तो निघाला नऊ.

दुसरा कोणी असता तर तोंड पुसून उठला असता. मिलिमीटर साहेबांनी मात्र दोन्ही आकडे वहीत लिहून घेतले. एकाच ताटात, एकाच वाढपात, नऊ आणि एकाहत्तर! आणि हे कुठे, तर जिथून शिक्का मिळाल्याशिवाय साध्या भाजीवालीलाही तागडी उचलता येत नाही त्या कार्यालयात. त्या दिवशी त्यांनी सूप घेतलं नाही.

सात जणांची समिती नेमली गेली. समितीने अकरा बैठका घेतल्या, एक हजार चारशे धागे मोजले आणि चौसष्ट पानांचा अहवाल दिला. त्यातली पहिली बावीस पानं समितीतल्या सदस्यांच्या पदांची होती. उरलेल्या पानांचं सार असं, की कीस सुधारायचा तर आधी कीस म्हणजे काय हे ठरलं पाहिजे, आणि ते ठरवायचा एकच मार्ग सिद्ध झालेला आहे. एक आदर्श नमुना निवडून तो कुलपात ठेवायचा आणि पुढचं सगळं त्याच्याशी ताडून पाहायचं. वजनं अशीच ठरली, लांबी अशीच ठरली. गाजराने काय घोडं मारलं होतं?

मग एके सकाळी काकूंना पाच किलो निवडक गाजरं देण्यात आली आणि सात सदस्यांच्या देखत किसायला सांगण्यात आलं. काकू नवं लुगडं नेसल्या होत्या. त्यांच्या हाताखालून पडणारा एकेक धागा चिमट्याने उचलून पांढऱ्या कागदावर मांडला जात होता, त्यावर सात डोकी वाकत होती आणि हळू आवाजात बोलत होती. एकोणीस वर्षांत आपल्या गाजराकडे एवढं टक लावून कोणी पाहिलं नव्हतं. काकूंना खरोखरच भरून आलं.

दुपारी एक वाजता निवड झाली. लांबी बेचाळीस मिलिमीटर, रुंदी दोन, रंग प्रसन्न नारिंगी. मखमलीच्या गादीवर ठेवून तो धागा काचेच्या पेटीत बंद करण्यात आला. पेटीला दोन कुलपं लावून किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे देण्यात आल्या (हे दोघे एकमेकांशी सहा वर्षं बोलत नाहीत, त्यामुळे संगनमताची भीती नाही). पेटीवर लिहिलं होतं, 'प्रमाण कीस'.

"काकू, हा तुमचाच," मिलिमीटर साहेब मोठ्या मनाने म्हणाले.

काकूंनी चष्मा पदराने पुसून नीट पाहिलं. "छान आहे हो. पण साहेब, हा सुकेल."

"काय होईल?"

"सुकेल. ओलं फडकं नाही घातलं तर तासाभरात कडा वळायला लागतात. तुम्ही तर पेटीत ठेवलाय."

"काकू," लहान मुलाची समजूत घालावी तसं साहेब म्हणाले, "सुकतं ते गाजर. हे आता प्रमाण आहे."

बैठकीच्या इतिवृत्तात याची नोंद आहे. 'एक तोंडी सूचना आली. ती भाजीपाल्याविषयी असल्याने विषयाला सोडून होती.'

त्यानंतर परिपत्रक निघालं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला कँटीनमधल्या किसाची प्रमाण किसाशी तुलना होणार होती. त्यातल्या पहिल्या तीन तपासण्या निर्णायक. काकूंना नोकरीत कायम करण्याची फाइल गेली अकरा वर्षं कार्यालयात फिरत होती (चौथ्या मजल्यावर पाच वर्षं, दुसऱ्यावर तीन, लिफ्ट बंद असल्याने जिन्यात दोन, उरलेलं एक वर्ष ती कुठे होती याची चौकशी चालू आहे). ती फाइल आता या तपासण्यांना जोडण्यात आली. तीनपैकी एका तपासणीत उतरल्या तर काकू कायम. तिन्हींत नापास झाल्या तर काकूंना रजा आणि त्यांच्या जागी किसण्याचं यंत्र. यंत्र आलेलंच होतं. सहा वर्षं खोक्यात पडून होतं, कारण त्याच्या माहितीपुस्तिकेतली भाषा कोणालाच येत नव्हती. पण वेळ आली तर शिकून घेण्याची प्रशासनाची तयारी होती.

काकू घाबरल्या नाहीत. पेटीतला धागा त्यांच्याच हातचा होता. स्वतःच्या हातासारखं स्वतःला किसता येणार नाही, असं कसं होईल?

पहिल्या तपासणीला पेटी उघडली तेव्हा प्रमाण कीस थोडा अंग चोरून बसला होता. त्याच्या शेजारी काकूंचा ताजा कीस ठेवण्यात आला. काकूंचा लांब निघाला, चांगला बोटाच्या पेराच्या अर्ध्याने. मिलिमीटर साहेबांनी प्रमाण किसाला पट्टी लावली. पट्टीने एकतीस दाखवले.

अहवालात लिहिलं होतं की प्रमाण कीस बेचाळीस मिलिमीटरचा आहे. पट्टी म्हणत होती एकतीस. प्रमाण चुकत नाही, म्हणूनच त्याला प्रमाण म्हणतात. म्हणजे पट्टी ताणली गेली होती. दुसऱ्या कुठल्या कार्यालयात हा निष्कर्ष निघायला महिने लागले असते, इथे तो चार मिनिटांत निघाला. पट्टी ताबडतोब तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत पाठवण्यात आली. प्रयोगशाळेने पट्टी बरोबर असल्याचं कळवलं, तेव्हा प्रयोगशाळेच्या प्रमुखांना खुलासा विचारण्यात आला.

"साहेब, मी म्हटलं होतं ना," काकू म्हणाल्या, "तो सुकलाय."

"तुमचा कीस प्रमाणापेक्षा लांब आहे काकू. हे तर तुम्हालाही दिसतंय ना?"

दिसत तर होतंच. काकूंनी सही केली. शेरा: नापास (अतिलांब).

काकूंचं घर दोन खोल्यांचं. यजमान दूरच्या शहरात गोदामावर रखवालदार, महिन्यातून एकदा येत. घरात काकू आणि त्यांच्या थोरल्या नणंदबाई. बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून वन्संचं शिवणयंत्र होतं आणि त्याच्याभोवती लोकांचे कपडे, लोकांची मापं आणि लोकांबद्दलची मतं यांचा ढीग असे. काकूंनी चहा टाकता टाकता सगळं सांगितलं. वन्संनी यंत्राचं चाक हाताने थांबवलं.

"म्हणजे कोरं कापड पाण्यातून न काढताच माप धरलं त्यांनी?"

"तसंच म्हणा."

"अगं वहिनी, तीस वर्षं शिवतेय मी. वर्षाने माणूस येतो आणि म्हणतो, बाई, तुमचं कापड आटलं. त्याला मी कधी म्हटलंय का, की बाबा, कापड आहे तेवढंच आहे, तू सुटलायस? उसवते, शिलाई सोडते, परत मारते. गिऱ्हाईक बदलत नसतं. त्यांचा आटलाय ना? मग तूही आटव."

"वाळवू? आणि तसलं वाळलेलं वाढू लोकांना?"

"तुला कायम व्हायचंय ना?"

"व्हायचंय हो. पण वन्सं, ते चिवट लागतं. चावत बसावं लागतं."

"तुझ्या साहेबांना दात आहेत ना?" असं म्हणून वन्संनी दोरा दाताने तोडला आणि विषय संपवला.

काकूंच्या मनाला ते पटलं नाही. त्यांनी मधला मार्ग काढला. दुसऱ्या तपासणीसाठी त्यांनी गाजर उभं धरून, बोटं जपत, सूपपेक्षाही आखूड किसलं. ताजं, ओलं, पण आखूड. पेटीतला धागा एव्हाना बावीस मिलिमीटरवर आला होता आणि कापलेल्या नखासारखा वळला होता. लांबी तंतोतंत जुळली. काकूंचा जीव भांड्यात पडणार एवढ्यात समितीतल्या रंगतज्ज्ञाने (हे मूळचे जमाखर्च विभागातले) हात वर केला.

प्रमाण किसाचा रंग विटकरी होता. काकूंचा कीस नारिंगी होता. शिवाय त्याच्या खालचा कागद भिजला होता, प्रमाण किसाखालची मखमल कोरडी ठणठणीत होती. शेरा: नापास (लांबी योग्य, रंग भडक, ओलावा आक्षेपार्ह).

आता एकच तपासणी उरली. काकूंची झोप उडाली. दोनशे बारा जणांमध्ये एकालाही असं वाटत नव्हतं का, की गाजर ओलंच असतं? वाटत असणार. पण वाटणं हा तपासणीच्या नमुन्यातला रकाना नव्हता.

याच महिन्यात सूपचा प्रश्न ऐरणीवर आला. लांबी आता सगळ्याच किसाला लागू होती. पण पाहणीत असं आढळलं की प्रमाणानुसार किसलेलं गाजरही गरम सूपात पडलं की चार मिनिटांत फुगून प्रमाणाबाहेर जातं. स्वयंपाकघरातून वैध निघालेला कीस टेबलावर पोचेपर्यंत अवैध होत होता, आणि त्याला जबाबदार कोण हे ठरत नव्हतं. आचाऱ्याने हात झटकले. वाढप्याने, आपण सूप वाढतो, गाजर वाढत नाही, असं लेखी दिलं. अखेर परिपत्रक निघालं की सूप एका वाटीत आणि कीस दुसऱ्या वाटीत द्यावा. दोन्ही एकत्र करायचे असल्यास ते खाणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर, वहीत सही करून करावेत. वहीपुढे रांग लागू लागली. रांगेत सूप गार होई, आणि गार सूपात कीस कमी फुगतो असं आढळल्याने उपाय यशस्वी झाल्याचं जाहीर करण्यात आलं.

तिसऱ्या तपासणीच्या तीन दिवस आधी काकू सात किलो गाजराचा कीस घेऊन गच्चीवर गेल्या. पाण्याच्या टाक्यांमधल्या जागेत जुनी चादर अंथरली आणि कीस पसरला. पहिल्या दिवशी तो मऊ पडला. दुसऱ्या दिवशी वळला. तिसऱ्या दिवशी सात किलोंची एक परातही भरेना. कावळे आले, त्यांनी चार-दोन धागे चोचीत धरून पाहिले आणि जागच्या जागी ठेवून निघून गेले (कावळ्यांकडून अभिप्रायाचा अर्ज भरून घेण्याची सोय नाही). काकूंनी चादर गोळा केली तेव्हा त्यांना लाज वाटत होती. कोणी पाहत नव्हतं, तरी वाटत होती.

म्हणून तपासणीच्या दिवशी त्या पहाटेच आल्या आणि आणखी सात किलो गाजर घेऊन बसल्या. आडवं, तिरकं, लांब, जसं एकोणीस वर्षं किसत आल्या तसं. ते मोठ्या पातेल्यात घालून वर ओलं फडकं टाकलं आणि पातेलं ओट्याखाली सरकवलं. त्यांनी मनाशी एक ठरवलं होतं. तपासणी सकाळी अकराला, जेवण एकला आणि कायम करण्याच्या आदेशावर सही अडीचला. जेवताना एकाने जरी विचारलं, "काकू, आज हे काय वाढलंय?" तरी ओट्याखालचं पातेलं बाहेर काढायचं आणि सगळ्यांना खरं गाजर वाढायचं. मग नोकरी गेली तर गेली. यंत्र येऊ दे, माहितीपुस्तिका वाचू दे कोणाला वाचायची ती.

तपासणी सव्वाअकराला आटोपली. दोन किल्ल्या दोन अबोल अधिकाऱ्यांनी फिरवल्या. मखमलीवर सतरा मिलिमीटरचा, तपकिरी, कोणत्याही कोनातून गाजर न वाटणारा प्रमाण कीस पडला होता. शेजारी काकूंचा ठेवला. लांबी जुळली. रंग जुळला. कोरडेपणा जुळला, आणि उचलताना जो बारीक कटकन आवाज झाला तोही जुळला. पाचशे धाग्यांपैकी पाचशे उतरले. कार्यालयाच्या इतिहासात शंभर टक्के अनुरूपता कशालाच मिळाली नव्हती, पोलादाच्या वजनांनाही नाही. मिलिमीटर साहेबांनी चष्मा काढून डोळे टिपले.

"काकू, एवढी प्रगती मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिली नाही."

टाळ्या झाल्या. काकूंना आनंद झाला. झालाच, तो कशाला लपवायचा? अकरा वर्षं धूळ खाल्लेली फाइल एकदाची खाली येणार होती. पण त्या टाळ्या वाजत असताना त्यांना गच्चीवरचे कावळे आठवत होते.

एक वाजता कँटीन भरलं. दोनशे बारा ताटांत प्रमाण सॅलड वाढलं गेलं. काकू काउंटरच्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या, एक पाय ओट्याच्या दिशेने. लोक चावू लागले. ते चावणं ऐकू येत होतं. टंकलेखन विभागातल्या एका बाईंनी तोंडात घास तसाच धरून खिडकीबाहेर पाहिलं, मग पाण्याचा मोठा घोट घेतला. काकू अर्धं पाऊल पुढे सरकल्या. बाईंनी शेजारणीला विचारलं, "पाऊस येईल का गं आज?" काकू परत मागे आल्या.

तिसऱ्या टेबलावर रंगतज्ज्ञ दातातलं काहीतरी काडीने काढत होते. पाचव्या टेबलावर एकाने सॅलड चमच्याने बाजूला सारलं, त्यावर पोळीचा तुकडा ठेवला आणि मोबाइलवर बोलायला लागला. वहीपुढे सूपची रांग शिस्तीत सरकत होती. दीड वाजला. पावणेदोन वाजले. काकू मनात म्हणत होत्या, विचारा ना कोणीतरी. शिव्या घाला हवं तर.

दोनला मोठे साहेब उठले. त्यांच्या ताटातलं सॅलड संपलेलं होतं, अगदी शेवटच्या धाग्यापर्यंत. हात पुसत ते काउंटरपाशी आले आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच काकूंसमोर थांबले. काकू ओट्याकडे अर्धं पाऊल सरकल्या.

"वा, काकू," मोठे साहेब म्हणाले. "गाजर छान. नेहमीसारखंच."

अडीचला सही झाली. अभिप्रायाचे अर्ज संध्याकाळी मोजण्यात आले. समाधानकारक: दोनशे नऊ. कोरे: दोन. एकाने हात पुसायचे कागद संपल्याची तक्रार केली होती, तिची तातडीने दखल घेण्यात आली.

ओट्याखालच्या पातेल्यातला कीस काकूंनी दुसऱ्या दिवशीच्या सूपमध्ये ओतून टाकला. हा परिपत्रकाचा उघड भंग होता. त्या संध्याकाळी एक डबाभर तेवढा बाजूला काढून, लिंबूमीठ लावून घरी नेला. वन्संनी कपडे बाजूला सारून जागा केली, आदेशाचा कागद दोनदा वाचला, मग डब्यातलं गाजर चमच्याने घेतलं. थोडं चावलं. पुन्हा घेतलं.

"मीठ कमी पडलंय गं. आणि लिंबू जरा जास्तच पिळलंयस. एरवी असं नसतं तुझं."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

"अगं, मीठ कमी म्हटलं तर रडायला काय झालं?"

"काही नाही," काकू म्हणाल्या. "अजून घ्या ना."

प्रमाण कीस अजून पेटीत आहे. मागच्या तपासणीला तो मखमलीवर सापडेना, पण पेटीची दोन्ही कुलपं शाबूत असल्याने तो तिथेच आहे असं मानण्यात आलं. तेव्हापासून सॅलडमध्ये गाजर प्रमाणानुसार, म्हणजे मुळीच, नसतं. अभिप्राय स्थिर आहेत.

आता तुम्ही हसत असाल, आणि त्या दोनशे नऊ जणांना नावं ठेवत असाल. जरूर ठेवा. फक्त आधी एवढं आठवा, काल जेवताना तुमच्या ताटात गाजर होतं का? स्वयंपाकघराकडे बघू नका, आठवून सांगा. "कसं झालंय?" असं कोणीतरी विचारलं होतं, आणि मान वर न करता तुम्ही "मस्त" म्हणाला होतात, हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे. जाऊन खात्री करून घ्यायची असेल तर जा, पण जपून विचारा. कारण उत्तर असंही मिळू शकतं, की गाजर गेले चार दिवस आणलेलंच नाही, आणि चारही दिवस तुम्ही मस्तच म्हणत होतात.